अर्थशास्त्रातली पदवी: बारावीच्या निकालापासून शेवटच्या सत्रापर्यंतचे प्रश्न

महाराष्ट्रात बीए किंवा बीएस्सी अर्थशास्त्राला प्रवेश घेऊ पाहणाऱ्या आणि घेऊन गोंधळलेल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक विद्यापीठाचे नियम थोडेथोडे वेगळे असतात, त्यामुळे तारखा आणि फीचे आकडे आपापल्या महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातच बघावेत.

बारावीला गणित नव्हतं. अर्थशास्त्र घेता येईल का?

घेता येतं. राज्यातल्या बहुतेक कला महाविद्यालयांत बीए अर्थशास्त्राला बारावीच्या गणिताची अट नसते. गणिताविना पहिलं वर्ष पारही पडतं, कारण तिथला बराचसा भाग व्याख्या, आकृत्या आणि वर्णनावर चालतो. खरी अडचण पुढे येते. तिसऱ्या वर्षाचं संख्याशास्त्र किंवा अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचा विषय) समोर आली की ‘हे कधी शिकवलं?’ असा प्रश्न पडतो. एमएच्या चांगल्या प्रवेशपरीक्षांत तर बीएला जेमतेम शिवलेलं गणित थेट विचारतात. अभ्यासक्रमाने मागितलं नाही म्हणून गणित टाळणाऱ्याचं नुकसान त्याला तीन वर्षांनी कळतं, आणि तेव्हा भरून काढायला हातात एकच उन्हाळा उरतो.

दिल्ली विद्यापीठाचं बीए ऑनर्स अर्थशास्त्र डोक्यात असेल तर मात्र गणिताशिवाय मार्ग नाही. तिथे सीयूईटीमध्ये, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत, गणिताचा पेपर द्यावाच लागतो. म्हणजे हा निर्णय दहावीनंतर, अकरावीचे विषय निवडतानाच घ्यावा लागतो. बारावीच्या निकालानंतर हे कळणारे दरवर्षी भेटतात.

नेमकं किती गणित लागतं?

लोक घाबरतात त्याहून कमी, आणि गाईडमध्ये असतं त्याहून जास्त. यादी अशी: सरळ रेषेचं समीकरण आणि तिचा उतार, घातांक व लॉगॅरिदम, विकलन (गुणाकाराचा व साखळी नियम धरून), दोन चलांच्या फलाचं आंशिक विकलन, कमाल-किमान काढणं, बंधनासह कमाल काढण्याची लाग्रांजची रीत, दोन-तीन समीकरणांच्या संचासाठी मॅट्रिक्स, आणि संभाव्यता. भूमिती आणि त्रिकोणमितीची गरज जवळपास पडत नाही.

सुरुवातीसाठी राज्य मंडळाची अकरावी-बारावी वाणिज्य शाखेची गणित व संख्याशास्त्राची पुस्तकं पुरतात, आणि ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बारावीच्या पहिल्या भागातलं मॅट्रिक्स, विकलन, विकलनाचे उपयोग आणि संकलन आधी करा. दुसऱ्या भागातली रेषीय रिग्रेशन (दोन चलांमधला संबंध रेषेने मोजणं), कालमालिका, निर्देशांक, रेषीय प्रोग्रामिंग आणि संभाव्यता वितरणं ही प्रकरणं जणू अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठीच लिहिली आहेत. कमिशन-दलाली आणि विमा ही प्रकरणं तूर्त सोडली तरी चालेल. रोज तासभर, आठवड्यातून पाच दिवस दिले तर साधारण सहा महिन्यांत एवढं होतं. उदाहरण नुसतं वाचून ‘समजलं’ म्हणत पुढे जाणाऱ्याचं होत नाही. वही बंद करून तेच गणित पुन्हा सोडवावं लागतं.

बीए, बीएस्सी की बीकॉम? नोकरी देताना काय बघतात?

पदवीच्या नावावर वेळ घालवू नका, पेपरांची यादी बघा. अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून तीन गोष्टी मोजायच्या. गणिताचे व संख्याशास्त्राचे स्वतंत्र पेपर किती? अर्थमिती सक्तीची की ऐच्छिक? सूक्ष्म अर्थशास्त्र आणि स्थूल अर्थशास्त्र यांना प्रत्येकी किमान दोन सत्रं आहेत का? एखाद्या बीएस्सीत गणिताचे चार पेपर असतात, तर एखादी बीएस्सी म्हणजे बीएलाच नवा सदरा घातलेला असतो.

बीकॉममध्ये अर्थशास्त्र असतं, पण जोडीदार म्हणून. मुख्य भार हिशेब, कर आणि कायद्यावर. सीए करायचं ठरलं असेल तर बीकॉम सोयीचं. अर्थशास्त्रातच एमए करायचं असेल तर बीकॉमवाल्याला सूक्ष्म-स्थूल अर्थशास्त्राचा पाया नंतर स्वतःच घालावा लागतो. अशक्य नाही, पण वर्ष खातं.

प्रवेश कसा मिळतो?

तीन वाटा आहेत. अनुदानित व स्वायत्त कला महाविद्यालयांत बहुधा बारावीच्या गुणांवर गुणवत्ता याद्या लागतात. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांसाठी विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेशपूर्व नोंदणी आणि महाविद्यालयाचा अर्ज असे दोन्ही भरावे लागतात. एकच भरून दुसऱ्याची वाट बघणाऱ्याचं नाव यादीत येत नाही. दुसरी वाट प्रवेशपरीक्षेची: पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था (१९३० साली सुरू झालेली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक), सिम्बायोसिसची सेट, एनएमआयएमएसची एनपॅट. तिसरी देशपातळीवरच्या परीक्षांची: केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी, आणि आयआयटी मुंबईच्या चार वर्षांच्या बीएस अर्थशास्त्रासाठी चक्क जेईई अ‍ॅडव्हान्स्ड.

अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडी यातला फरक अर्ज भरतानाच विचारून घ्या. एकाच महाविद्यालयात, त्याच इमारतीत दोन्ही असतात, आणि फीमध्ये मोठं अंतर असतं.

नव्या शैक्षणिक धोरणाचे हे मेजर, मायनर, ओई काय प्रकरण आहे?

राज्यात स्वायत्त महाविद्यालयांनी ते २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून लागू केलं. वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक (क्रेडिट). तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. वर्गातल्या शिकवणीचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, मायनर जोडविषय. ओई हा खुला ऐच्छिक विषय असतो आणि तो दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा असतो.

हाच नियम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या पथ्यावर पडतो. महाविद्यालयात विज्ञान शाखा असेल तर ओईमध्ये गणित किंवा संख्याशास्त्र मिळू शकतं, आणि मायनरलाही तसंच काही घेता येतं. बहुतेक मुलं मात्र ‘सोपं काय’ हे विचारून ओई निवडतात आणि गुण मिळवतात. त्याचे श्रेयांक ‘श्रेयांक बँके’तल्या ऑनलाइन खात्यात जमा होतात, डोक्यात फारसं काही जमा होत नाही. वेळापत्रक आड येतं अशी तक्रार असते, आणि ती पुष्कळदा खरी असते. ती तासिका सुरू होण्याआधी विभागप्रमुखांकडे लेखी मांडा. ऑगस्ट उलटल्यावर बदल करून मिळणं कठीण.

तीन वर्षांनी थांबावं की चौथं करावं?

चौथं वर्ष केलं तर एमए एका वर्षात होऊ शकतं. ‘ऑनर्स विथ रिसर्च’साठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर यूजीसीच्या नियमाप्रमाणे थेट पीएचडीच्या प्रवेशप्रक्रियेतही उतरता येतं. स्पर्धा परीक्षा किंवा बँकेची नोकरी हेच लक्ष्य असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. आपल्या महाविद्यालयात चौथ्या वर्षी शिकवायला कोण आहे हेही बघावं. संशोधन प्रकल्पाला मार्गदर्शक मिळणार नसेल, तर ते वर्ष दुसरीकडे एमएच्या पहिल्या वर्षाला दिलेलं बरं.

मराठी माध्यमातून केलं तर मागे पडू का?

राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांत बीएची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, आणि नीट लिहिली तर गुणही नीट मिळतात. मराठीतून विचार केल्याने अर्थशास्त्र कमी कळत नाही. अडतं ते दोन ठिकाणी.

पहिलं, शब्दांमध्ये. मराठीत ‘खर्च’ हा एकच शब्द कारखान्याच्या उत्पादन खर्चालाही वापरतात आणि कुटुंबाने बाजारात केलेल्या खर्चालाही. इंग्रजीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्या दोन संकल्पनाही वेगळ्या आहेत. म्हणून ‘खर्च वाढला’ असं मोघम लिहू नका. ‘उत्पादन खर्च’ की ‘उपभोग खर्च’ ते लिहा. ‘उत्पन्न’, ‘उत्पादन’ आणि ‘प्राप्ती’ या तिघांची तर रोज अदलाबदल होते. उत्पन्न हे व्यक्तीचं किंवा देशाचं, उत्पादन वस्तूंचं, आणि माल विकून हाती येते ती प्राप्ती. उलट्या बाजूनेही गंमत आहे. इंग्रजीत यंत्र झिजण्याला आणि रुपया घसरण्याला एकच शब्द, तर मराठीत यंत्राला ‘घसारा’ आणि रुपयाला ‘मूल्यघट’. सरकारने ठरवून चलनाची किंमत उतरवली तर ते ‘अवमूल्यन’, बाजारात आपोआप उतरली तर नाही. पाठ्यपुस्तकातली ‘वित्तीय तूट’ आणि वर्तमानपत्रातली ‘राजकोषीय तूट’ एकच, पण ‘वित्तीय बाजार’ म्हणजे पैशांचा, कर्जरोख्यांचा बाजार, त्याचा सरकारच्या तुटीशी थेट संबंध नाही. आणि ‘गुंतवणूक’! घरात शेअर घेण्यालाही तोच शब्द. स्थूल अर्थशास्त्रात मात्र नवं यंत्र, नवी इमारत, वाढलेला साठा म्हणजेच गुंतवणूक. दुसऱ्याकडून जुना शेअर विकत घेतला तर देशाच्या गुंतवणुकीत एका रुपयाचीही भर पडत नाही.

दुसरं, वाचनात. आकडेवारी, शोधनिबंध आणि एमएच्या प्रवेशपरीक्षा बहुतांशी इंग्रजीत असतात. उपाय साधा आहे. पहिल्या दिवसापासून वहीत तीन रकाने ठेवा: मराठी संज्ञा, इंग्रजी संज्ञा देवनागरीत, आणि स्वतःच्या शब्दांत एक उदाहरण. आठवड्याला पंधरा संज्ञा धरल्या तर वर्षात पाचशेच्या वर जातात, आणि पदवीला तेवढ्या भरपूर होतात. दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातून एक इंग्रजी लेख पूर्ण वाचा. भाषांतर करत बसू नका, लेखकाचा मुद्दा मराठीत चार ओळींत लिहून काढा.

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त चुका कुठे होतात?

तीन जागा ठरलेल्या आहेत.

एक, मागणीची लवचीकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती प्रमाणात बदलते ते. समजा कांद्याचा भाव किलोला २० वरून ३० रुपये झाला आणि मागणी १०० वरून ८० किलोवर आली. भाव ५० टक्के वाढला, मागणी २० टक्के घटली, म्हणून लवचीकता ०.४. आता हाच प्रवास उलटा करा. भाव ३० वरून २० म्हणजे ३३.३ टक्के घट, मागणी ८० वरून १०० म्हणजे २५ टक्के वाढ, लवचीकता ०.७५. बाजार तोच, आकडे तेच, उत्तरं दोन! कारण टक्केवारी कशाच्या आधाराने काढली ते बदललं. म्हणून दोन बिंदूंची सरासरी धरतात. मागणीतला बदल २० भागिले ९०, म्हणजे २२.२ टक्के. भावातला बदल १० भागिले २५, म्हणजे ४० टक्के. उत्तर ०.५६, दोन्ही दिशांनी सारखंच. कोणती रीत वापरली ते उत्तरपत्रिकेत लिहा, नाहीतर तपासणाऱ्याच्या आदर्श उत्तराशी जुळत नाही आणि बरोबर असूनही गुण जातात. लवचीकता एकपेक्षा कमी असल्याने एकूण प्राप्ती २,००० वरून २,४०० रुपये झाली, हेही एका ओळीत लिहायचं. लवचीकता कशासाठी काढतात ते त्या ओळीत दिसतं.

दोन, मागणीतील विचलन आणि मागणीतील बदल. भावच बदलला तर आपण त्याच वक्रावर वर-खाली सरकतो, म्हणजे विस्तार किंवा संकोच. उत्पन्न, आवड किंवा पर्यायी वस्तूचा भाव बदलला तर अख्खा वक्र सरकतो, म्हणजे वृद्धी किंवा ऱ्हास. ‘पाऊस कमी झाल्याने टोमॅटोची मागणी कमी झाली’ हे वाक्य चुकीचं आहे. कमी पाऊस पुरवठ्याचा वक्र डावीकडे नेतो, भाव चढतो, आणि मग ग्राहक आपल्या मागणीच्या त्याच वक्रावर वर सरकतात.

तीन, शून्य नफा. एखाद्या पूर्ण स्पर्धेतल्या उद्योगाचा एकूण खर्च १०० + ४न + न² आहे (न म्हणजे नगांची संख्या) आणि बाजारभाव २४ रुपये. सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग काढायचा जादा खर्च, ४ + २न. तो भावाइतका ठेवला की न = १०. प्राप्ती २४०, खर्च १०० + ४० + १०० म्हणजे तोही २४०. नफा शून्य आला की मुलं गणित खोडून पुन्हा करतात. गणित बरोबर आहे. दहा नगांना सरासरी खर्च २४, आणि तो किमान आहे. अर्थशास्त्रातल्या खर्चात मालकाच्या भांडवलाचा आणि वेळेचा मोबदला आधीच धरलेला असतो, म्हणून शून्य नफ्यालाही उद्योग चालू राहतो. हिशेबनीस ज्याला नफा म्हणतो तो यात वेगळा दिसणार नाही.

आकृत्यांना गुण का कापतात?

अक्षांना नाव नसतं म्हणून. मागे पडलेल्या विद्यार्थ्यालाही हे गुण सहज मिळवता येतात, तरी सर्वात जास्त तेच वाया जातात. आकृतीत पाच गोष्टी हव्यात: दोन्ही अक्षांवर काय मोजलंय, प्रत्येक वक्राचं नाव, समतोल बिंदू, तिथून दोन्ही अक्षांवर टाकलेल्या तुटक रेषा, आणि बदल दाखवणारा बाण. मग मजकुरात त्या अक्षरांचा उल्लेख हवा. ‘आकृतीवरून स्पष्ट होते’ असं लिहून पुढे गेलं की काहीच स्पष्ट होत नाही. सीमांत खर्चाचा वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला त्याच्या तळाशीच छेदतो. तो दुसरीकडे छेदताना दिसला तर परीक्षकाला समजतं की आकृती पाठ केलीय.

वर्तमानपत्रातले आकडे वाचताना कुठे फसतो?

टक्के आणि टक्केबिंदू यांत. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला. ही ०.२५ टक्केबिंदूंची, म्हणजे २५ बेसिस पॉइंटची कपात. ‘दर ०.२५ टक्क्यांनी कमी झाला’ असं लिहिलं तर काटेकोर अर्थाने चूक, कारण मूळ दराच्या तुलनेत घट जवळपास ३.८५ टक्के आहे.

दुसरा सापळा चालू किंमती आणि स्थिर किंमती. पगार २०,००० वरून २२,००० झाला आणि किंमत निर्देशांक १०० वरून १०८. खरा पगार २२,००० भागिले १.०८, म्हणजे सुमारे २०,३७०. वाढ १.८५ टक्के. १० वजा ८ असं झटपट वजा केलं तर २ येतात. भाववाढ कमी असताना तेवढा फरक खपतो, जास्त असताना खपत नाही.

तिसरा सापळा आधारवर्षाचा, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करून आकडे मोजतात त्या वर्षाचा, आणि प्रकल्पांची वाट बहुधा तोच लावतो. देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाची २००४-०५ आधारवर्षाची मालिका जानेवारी २०१५ मध्ये २०११-१२ या आधारवर्षाच्या मालिकेने बदलली. आधारवर्ष पुढेही बदलत राहणार. दोन मालिकांचे आकडे एकाखाली एक चिकटवले तर मध्येच उडी किंवा खड्डा दिसतो आणि विद्यार्थी त्याचं कारण शोधायला लागतो. दोन्ही मालिकांत असलेलं एक समान वर्ष घ्या. जुन्या मालिकेत त्या वर्षी निर्देशांक १५० आणि नव्या मालिकेत १०० असेल, तर दुवा १.५. नव्या मालिकेचे सगळे आकडे १.५ ने गुणले की ते जुन्याला जोडले जातात. जोडणी कशी केली ते तळटीपेत लिहायचं.

आकडेवारी कुठून घ्यावी?

रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर भारतीय अर्थव्यवस्थेच्या आकडेवारीचं वार्षिक हस्तपुस्तक असतं. पदवीच्या दहापैकी आठ प्रकल्पांना ते एकटं पुरतं. रोजगारासाठी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं पीएलएफएस (श्रमशक्तीचं नियमित सर्वेक्षण), घरखर्चासाठी २०२२-२३ आणि २०२३-२४ ची कौटुंबिक उपभोग खर्च पाहणी. राज्यासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’. ती अर्थसंकल्पाआधी विधिमंडळात मांडली जाते, मराठीतही मिळते, आणि तिच्यात जिल्हावार तक्ते असतात. आपल्या जिल्ह्यावर प्रकल्प करायचा असेल तर सुरुवात तिथूनच करावी. कुठल्या तरी संकेतस्थळावरचा रंगीत तक्ता उचलू नका, मूळ स्रोत गाठा.

क्षेत्र प्रकल्पाचा विषय कसा ठरवावा?

लहान. ‘भारतातील बेरोजगारी: एक अभ्यास’ हा विषय नाही, ते ग्रंथालयाचं कपाट आहे. ‘आमच्या तालुक्याच्या बाजार समितीत गेल्या वर्षभरात सोयाबीनची आवक आणि भाव’ हा विषय आहे. आकडे समितीच्या फलकावर आणि वहीत असतात, महिनावार बारा नोंदी होतात, आणि आवक वाढल्यावर भाव पडतो का हे स्वतः तपासता येतं.

प्रश्नावलीचे प्रकल्प बहुधा एकाच जागी फसतात. वर्गमित्रांच्या ग्रुपवर फॉर्म टाकला, पन्नास उत्तरं आली, आणि निष्कर्ष ‘ग्रामीण महिलांमध्ये डिजिटल व्यवहार वाढले’. उत्तर देणारे सगळे स्मार्टफोनवालेच होते, तर दुसरं काय निघणार? पन्नासच कुटुंबं घ्या, पण गावाच्या यादीतून दर दहावं घर असं ठरवून घ्या, आणि किती घरांनी उत्तर दिलं नाही तेही लिहा. प्रश्नावली आधी पाच जणांवर चालवून बघा. ‘तुमचं मासिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न शेतकरी कुटुंबात चालत नाही, कारण उत्पन्न हंगामाने येतं. कोणतं पीक, किती क्विंटल, काय भावाने विकलं, असं विचारावं लागतं.

कोणतं सॉफ्टवेअर शिकावं?

पहिल्या दोन वर्षांत एक्सेल नीट. पिव्होट टेबल, एका तक्त्यातून दुसऱ्यात शोध घेणारी सूत्रं, आणि प्रत्येक आकृतीला एकक व स्रोत लिहिण्याची सवय. त्यानंतर आर किंवा ग्रेटल. दोन्ही फुकट आहेत, आणि ग्रेटल तर खास अर्थमितीसाठीच आहे. स्टाटा विकत घ्यावं लागतं, ते संस्थेत असेल तरच वापरा. रिग्रेशन चालवणं दोन क्लिकचं काम आहे, म्हणूनच ते धोक्याचं. काळासोबत वाढणाऱ्या कोणत्याही दोन मालिका एकमेकींशी जोडलेल्या दिसतात: गावातली मंदिरं आणि मोबाइल टॉवरही. आधी दोन्हींचा आलेख काढून बघा, मग वर्षागणिक बदलाची टक्केवारी घेऊन पुन्हा तपासा.

शेअर बाजार कळेल का?

या पदवीने नाही.

एमएसाठी काय तयारी करावी आणि कधीपासून?

चौथ्या सत्रापासून. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि जेएनयूसाठी सीयूईटी पीजी. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एमएस क्यूईसाठी (संख्यात्मक अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) संस्थेची स्वतःची परीक्षा, आणि तिच्यात गणित खरंच कठीण असतं. आयआयटींसाठी जॅम परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. एकच उत्तर निवडायच्या प्रश्नांना चुकीबद्दल गुण कापले जातात, संख्या लिहायच्या प्रश्नांना नाही. म्हणून शेवटची पंधरा मिनिटं संख्यावाल्या प्रश्नांसाठी ठेवावीत. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, पुण्यात गोखले संस्था, कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग.

या सगळ्या परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून बसा आणि आपल्या बीएच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघा. कुठे भोक आहे ते अर्ध्या तासात दिसतं. बहुतेकांचं एकाच जागी असतं: संभाव्यता आणि बंधनासह कमाल काढणं.

यूपीएससी, रिझर्व्ह बँक, भारतीय अर्थ सेवा: नुसती बीए पुरेल का?

नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. अर्थशास्त्र वैकल्पिक घेतलं तर प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी सर्वसाधारण पदांना पदवी पुरते, पण आर्थिक संशोधन विभागाच्या पदांना अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. भारतीय अर्थ सेवेलाही तसंच: अर्थशास्त्र, उपयोजित अर्थशास्त्र, व्यावसायिक अर्थशास्त्र किंवा अर्थमितीतली पदव्युत्तर पदवी, वय २१ ते ३० (आरक्षित गटांना सवलत). लेखी परीक्षा १,००० गुणांची, त्यातले ८०० निव्वळ अर्थशास्त्राचे, आणि वर २०० गुणांची मुलाखत. पेपर वर्णनात्मक असतात, म्हणून वस्तुनिष्ठ प्रश्नांवर वाढलेला विद्यार्थी इथे हात आखडतो.

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एमए आणि बीएड. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापकासाठी एमएनंतर नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा; ही सेट सिम्बायोसिसच्या सेटहून वेगळी. महाराष्ट्र आणि गोवा दोन्हींसाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

बीएनंतर लगेच नोकरी लागते का?

लागते, पण ‘अर्थतज्ज्ञ’ म्हणून नाही. बँकांच्या लिपिक व अधिकारी परीक्षा, विमा, पतसंस्था, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, कंपन्यांची आकडेवारीची कामं, आर्थिक बातमीदारी. मुलाखतीत पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडतं ते हातचं काम: स्वच्छ केलेली एक एक्सेल फाइल, एक पूर्ण प्रकल्प, दोन पानी नोंद. तिसऱ्या वर्षाच्या ओजेटीकडे (प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायच्या प्रशिक्षणाकडे) म्हणूनच शिक्का मिळवण्याचं काम म्हणून बघू नका. चार श्रेयांक म्हणजे १२० तास. एखाद्या पतसंस्थेत कोणतं कर्ज किती काळ थकलंय त्याचा तक्ता करून द्यायला तेवढे पुरतात, आणि असा तक्ता त्या संस्थेलाही हवाच असतो.

फी आणि शिष्यवृत्ती?

महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, आणि प्रवर्गनिहाय वेगळ्या योजना. अर्ज अडकतो तो बहुधा तीन कारणांनी: उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला, नॉन-क्रिमीलेयर नाही, किंवा बँक खातं आधारशी जोडलेलं नाही. शेवटचं सगळ्यात त्रासाचं, कारण अर्ज मंजूर दिसतो आणि पैसे येत नाहीत. खातं ‘आधार लिंक’ असणं आणि थेट लाभासाठी आधारशी ‘मॅप’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखेत जाऊन दुसरी विचारायची.

नोकरी करत दूरशिक्षणाने केलं तर?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीतून, इग्नू इंग्रजी-हिंदीतून. यूजीसीच्या यादीत त्या सत्रासाठी तो अभ्यासक्रम मान्य आहे ना ते प्रवेशाआधी बघा. मान्यता असेल तर सरकारी परीक्षांना ही पदवी चालते. पुस्तकं घरी येतात, शिक्षक येत नाहीत, त्यामुळे संख्याशास्त्राचा पेपर मागे पडतो. आठवड्याचे आठ तास मिळत असतील तर त्यातले चार त्यालाच द्या. स्वाध्याय मुदतीत दिला नाही तर लेखी परीक्षेत पास होऊनही निकाल अपुरा राहतो. म्हणून स्वाध्यायाची पोच, किंवा ऑनलाइन दिला असेल तर पडद्याचा फोटो, गुणपत्रक हातात येईपर्यंत जपून ठेवा.